चहाचा पेला आणि विहिरीचें पाणी

मराठी टीकेंत ‘गतानुगतिक’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. कादंबरींतलें किंवा चरित्रांतलें एखादें माणूस चार लोकांसारखें वागलें, कीं टीकाकार हा शब्द त्याच्या कपाळीं चिकटवितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. शब्दाची फोड करून पाहिली तर तींत निंदा कोठेंच नाहीं; पुढें गेलेल्याच्या मागून जाणारा, एवढाच त्याचा अर्थ. निंदा आपण मागाहून घातली. आणि ती घालण्याच्या घाईंत जो प्रश्न विचारावयास हवा होता तो राहून गेला: मनुष्य लोकांच्या मागून जातो तो कां? स्वतःच्या डोळ्यांस एक दिसत असतां, बुद्धीस एक पटत असतां, पाऊल मात्र लोक टाकतात तेथेंच कां पडतें?

हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांचा आहे, साहित्याशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण गेल्या सवाशें-दीडशें वर्षांतलें आपलें बरेंचसें गद्य याच झगड्यावर पोसलें आहे. एका बाजूस सुधारक, दुसऱ्या बाजूस ‘लोक’. यांतल्या सुधारकाला नांव असतें, गांव असतें, आजार असतात, कर्ज असतें. ‘लोकां’ना मात्र कांहींच नसतें. ते नुसते ‘काय म्हणतील?’ या एका क्रियापदावर जगत असतात. आमचें म्हणणें असें कीं, ज्या पुस्तकांत या ‘लोकां’ना तोंडें आलीं आहेत तींच या विषयावरचीं खरीं पुस्तकें, आणि त्या कसोटीस लावलें असतां गाजलेले निबंध व कादंबऱ्या यांपेक्षां एका बाईनें लिहिलेलें आठवणींचें पुस्तक वरचढ ठरतें. तें पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. तें १९१० सालीं प्रसिद्ध झालें.

पुस्तकाकडे वळण्यापूर्वीं प्रश्नाचीं दोन अंगें निराळीं केलीं पाहिजेत. कारण आपल्या टीकेंत तीं नेहमीं एकत्र कालविलीं जातात. पहिल्या अंगाचें उदाहरण आमच्या वसई तालुक्यांतलेंच देतों. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर चिंचोटी म्हणून गांव आहे. तेथूनच कामणवरून भिवंडीकडे फांटा जातो. गांवामागें तुंगारेश्वराच्या डोंगररांगेंत एक धबधबा आहे. पावसाळा लागला कीं मुंबईकडचे तरुण तेथें लोटतात. डोहांत माणसें बुडून मरतात. मनाईचे हुकूम निघतात. आणि तरी माणसें पाण्यांत उतरतातच. त्यांना जिवाची पर्वा नसते असें नव्हे. डोहाची खोली किती हें उतरणाऱ्यास ठाऊक नसतें. पुढें दहा जण कमरेइतक्या पाण्यांत हंसतखेळत उभे असलेले मात्र दिसतात. त्या दहांस ठाऊक असेल असें तो धरून चालतो. आणि ते दहाहि आपल्या पुढच्याकडे पाहूनच उतरलेले असतात. येथें लोकांची भीति मुळींच नाहीं. येथें लोक हाच पुरावा.

मुझफर शेरीफ नांवाच्या, तुर्कस्तानांत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञानें १९३५ सालीं हीच गोष्ट एका काळोख्या खोलींत दाखवून दिली. काळोखांत स्थिर असलेला प्रकाशाचा ठिपका बराच वेळ पाहिला कीं तो हलतो असा भास होतो. किती हलला, असें एकेकट्यास विचारलें तर प्रत्येकाचें उत्तर निराळें येई. पण त्यांना एकत्र बसवून मोठ्यानें उत्तरें देण्यास सांगितलें कीं हळूहळू सर्वांचें माप एकमेकांजवळ येत असे. वस्तुच जेथें संदिग्ध, तेथें शेजाऱ्याचा डोळा उसना घेण्यांत गैर तें काय? आपण औषध, भाजी, शाळा, सारें अशाच उसन्या डोळ्यांनीं निवडतों. याला भ्याडपणा म्हणणें म्हणजे मनुष्याला संसार करण्याची बंदी करणें होय.

दुसरें अंग निराळें. तेथें वस्तु संदिग्ध नसते. सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकेंतील प्राध्यापकानें १९५१ सालीं व त्यानंतर प्रसिद्ध केलेले प्रयोग या अंगाचे आहेत. एक रेघ दाखवावयाची, शेजारीं लहानमोठ्या तीन रेघा दाखवावयाच्या, आणि पहिलीच्या बरोबरीची कोणती तें विचारावयाचें. प्रश्न पोरासहि सुटेल असा. पण खोलींतल्या मंडळींपैकीं एक सोडून बाकी सारे आधींच पढविलेले; ते ठरलेल्या वेळीं एकमुखानें चुकीचें उत्तर देत. शेवटीं बसलेल्या त्या एका बिचाऱ्यानें काय करावें? एकूण उत्तरांपैकीं सुमारें एकतृतीयांश उत्तरें लोकांच्या चुकीबरोबर गेलीं. सुमारें तीनचतुर्थांश माणसें एकदां तरी घसरलीं. एकचतुर्थांश माणसें एकदांहि घसरलीं नाहींत.

हे आंकडे पाठ्यपुस्तकांतून असे कांहीं मांडले जातात कीं विद्यार्थ्याला वाटावें, मनुष्य म्हणजे मेंढरूंच. पण दोनतृतीयांश उत्तरें बरोबरच आलीं होतीं, ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. आणि आमच्या विषयास जी सर्वांत उपयोगी, ती तर मागल्या पानावरच राहते. अ‍ॅशनें पढविलेल्यांपैकीं एकाला खरें उत्तर द्यावयास लावलें, तेव्हां त्या एकट्या माणसावरचा दाब सुमारें चौथाईवर आला. सारी खोली विरुद्ध असतां ज्याची जीभ अडखळत होती त्याला एक सोबती मिळतांच ती सुटली. उत्तर मोठ्यानें न देतां कागदावर लिहावयाचें असलें, तरीहि दाब उतरत असे. अर्थात् लोकांच्या संख्येपेक्षां आपलें एकटेपण आणि त्या एकटेपणावर रोखलेले डोळे, यांचेंच ओझें मोठें.

आम्हीं हा खेळ वर्गांत एकदां उलटा करून पाहिला. न्यायमूर्ति रानड्यांनीं चहाबद्दल प्रायश्चित्त घेतलें हें योग्य केलें कीं अयोग्य, असें विचारून हात वर करावयास सांगितलें. हात बहुतेक एकाच बाजूस उठले: अयोग्य. मग चिठ्ठ्या मागविल्या. चिठ्ठ्यांनीं निराळें सांगितलें. आणि दोघींतिघींनीं चिठ्ठींतच विचारलें होतें कीं, रानड्यांच्या मित्रांच्या मुलींचें पुढें काय झालें असतें? भ्याडपणाची निंदाहि लोकांच्या भीतीनेंच करतां येते, हें त्या दिवशीं वर्गाला सांगावें लागलें नाहीं.

आतां तें चहाचें प्रकरण. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्यास पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानानिमित्त शहरांतली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाल्यावर चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. कोणी प्याले, कोणी यजमानांचा मान राखावा म्हणून पेला हातांत घेतला आणि तसाच खालीं ठेवला. या समारंभामागें डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी यांचा हात होता. त्यांनीं पुढें हजर असलेल्या चाळिसांहून अधिक मंडळींचीं नांवें ‘पुणें वैभवां’त छापविलीं, आणि शहरांत एकच हलकल्लोळ झाला. ग्रामण्य उभें राहिलें. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली. चौकशीसाठीं शास्त्री नेमले गेले. प्रायश्चित्तें सांगितलीं गेलीं. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें असल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि सुधारकांच्या पक्षानें त्यांना त्याबद्दल फार बोल लावले.

या प्रकरणांत समूहाचा दाब दोनदां आला आहे, आणि पहिल्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. ज्यांनीं पेला हातांत घेऊन खालीं ठेवला ते कोणाला भीत होते? शास्त्र्यांना? मग पेला घेतलाच नसता. यजमानीण समोर उभी, शेजारीं रानड्यांसारखा मनुष्य बसलेला, आणि ‘मी घेत नाहीं’ असें म्हणून आपण तेवढे जुनाट ठरावें, हें कोणास रुचेल? म्हणजे त्या दिवाणखान्यांत सुधारणा हीच बहुमताची रीत होती, आणि तीपुढें सनातनी मनानेंहि हात पुढें केला. दुसऱ्या दिवशीं शहरांत बहुमत फिरलें. तेथें त्याच हातांनीं पंचगव्य घेतलें. मनुष्य तोच, हात तोच. खोली तेवढी बदलली. आपल्या निबंधकारांनीं फक्त दुसऱ्या खोलीला समाज म्हटलें.

रमाबाईंच्या पुस्तकाचा मोठेपणा हा कीं त्यांत दोन्ही खोल्यांच्या मधलें घर दिसतें. बहिष्कार म्हणजे काय, हें निबंध वाचून कळत नाहीं. तेथें तो एक सिद्धांत असतो. घरांत तो म्हणजे श्राद्धाला ब्राह्मण न मिळणें, लग्नकार्यांत आचारी न मिळणें, माहेरवाशिणीस माहेरीं येतां न येणें. रानड्यांचा स्वतःचा निर्वाह यांतल्या कशावांचूनहि झाला असता. ते हायकोर्टाचे न्यायाधीश व्हावयाच्या उंबरठ्यावर उभे असलेले गृहस्थ होते. परंतु त्यांच्याबरोबर अडकलेल्या साऱ्या मित्रांचें तसें नव्हतें. त्यांच्या घरांत वृद्ध आईबाप होते, लग्नाच्या मुली होत्या. मित्रांची ती अडचण पाहून रानडे प्रायश्चित्तास उभे राहिले. रमाबाईंस तें आवडलें नाहीं, आणि हें त्यांनीं लपविलें नाहीं. पतीचें म्हणणें त्या मांडतात, आपलें वाईट वाटणेंहि मांडतात, आणि दोहोंपैकीं एकाला जिंकवून देण्याची खटपट करीत नाहींत. मराठींतल्या किती चरित्रकारांना हें साधलें आहे?

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळें पुस्तकाच्या पानापानास एक निराळाच ताण आला आहे. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. त्या वेळीं ते तिशी ओलांडलेले होते. मुलगा विधवेशीं लग्न लावील या भीतीनें वडिलांनीं घाईघाईनें एक अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रानड्यांनीं विनवण्या केल्या, वडील हटले नाहींत, मुलगा नमला. ती मुलगी म्हणजेच रमाबाई. ज्या नमण्याबद्दल सुधारकांनीं रानड्यांस आयुष्यभर टोंचलें, त्या नमण्याचें जितेंजागतें फळ हातांत लेखणी घेऊन आठवणी लिहीत आहे! रानडे त्या दिवशीं ताठ उभे राहिले असते तर हें पुस्तक नसतें, आणि पुण्यांतल्या सेवासदनाला त्या मिळाल्या नसत्या. यावरून नमणें चांगलें असें कोणी अनुमान काढूं नये. वडिलांच्या हट्टांत पुढचें कांहींएक दिसत नव्हतें. पण ज्याला आपण ‘कच खाल्ली’ अशा दोन शब्दांत उडवून लावतों त्याच्या पलीकडच्या टोंकाला एक सबंध माणूस बसलेलें असतें, हें या पुस्तकाइतकें दुसरें कोणतेंहि पुस्तक दाखवीत नाहीं.

येथें प्रयोगशाळेचें अपुरेपण ध्यानांत येतें. अ‍ॅशच्या खोलींतला तरुण अनोळखी माणसांत बसला होता. त्यानें खरें उत्तर दिलें असतें तर त्याचें काय बिघडणार होतें? थोडी लाज, थोडें हंसें, आणि घटकाभरानें तो आपल्या वाटेनें, हे आपल्या वाटेनें. तेवढ्या लाजेसाठींहि माणसें रेघ चुकवितात, हें त्या प्रयोगाचें आश्चर्य. पण पुण्याच्या किंवा कोंकणच्या माणसापुढें रेघ नव्हती. त्याचें माणूस लोकांच्या हातीं ओलीस होतें.

हा ‘ओलीस’ शब्द आम्ही मुद्दाम वापरतों. समाज बंडखोराला क्वचितच धरतो. तो त्याच्या माणसांना धरतो. धोंडो केशव कर्व्यांनीं १८९३ सालीं विधवेशीं पुनर्विवाह केला, तेव्हां त्यांच्या मुरूड गांवानें काय केलें, तें त्यांच्या ‘आत्मवृत्तां’त (१९१५) वाचावें. गांव जमलें आणि कर्व्यांवर बहिष्कार घालण्याचा ठराव झाला. इतकेंच नव्हे, तर त्यांना घरांत घेतील तर घरच्यांवरहि बहिष्कार. कर्वे पुण्यास प्रोफेसर. मुरूडच्या पंक्तींत त्यांना पान मिळालें नाहीं म्हणून त्यांचें कांहीं अडत नव्हतें. अडत होतें आईचें आणि भावाचें. मुलाला उंबऱ्याच्या आंत घ्यावें कीं गांवाला मुकावें, असा प्रश्न गांवानें आईपुढें टाकला. कर्व्यांची लिहिण्याची रीत इतकी कोरडी कीं रागाचा शब्द त्यांत सांपडत नाहीं. हिशोब मांडल्यासारखे ते लिहून जातात. आम्हांस तर त्या कोरडेपणांतच त्या पुस्तकाचें बळ वाटतें. मात्र त्यांत एक उणीवहि आहे. ठरावाला हात वर करणाऱ्या गांवकऱ्यांपैकीं कित्येकांना कर्व्यांबद्दल आदर असला पाहिजे. त्यांनीं तो हात कोणत्या मनानें वर केला, हें कर्वे सांगत नाहींत. तें सांगावयास कादंबरीकारच हवा होता.

मग कादंबरीकारानें तें सांगितलें काय? हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकांतून क्रमशः येऊं लागली ती १८९० सालीं. म्हणजे चहाचें प्रकरण आणि यमूची कथा पुण्यानें एकाच हंगामांत वाचली. या कादंबरीची थोरवी आतां नव्यानें सांगावी असें नाहीं. मुंबईच्या बिऱ्हाडांत यमू आणि तिचा नवरा यांना जो मोकळा वारा लागतो, आणि वैधव्यानंतर पुण्याच्या घरांत तोच जीव ज्या रीतीनें कोंडला जातो, त्या दोन भागांच्या जोडणींतच घर बदललें कीं माणूस कसें बदलतें याचें मर्म आलें आहे. नवऱ्याचे विचार पालटले नाहींत, यमूचे पालटले नाहींत. भोंवतालची माणसें तेवढीं पालटलीं.

पण हरिभाऊंनीं एक सोय करून ठेवली आहे, आणि ती आमच्या मतें कलेच्या दृष्टीनें चूक आहे. त्यांनीं शंकरमामंजी निर्माण केले. ढोंगी, क्रूर, स्वार्थी असा एक पुरुष घरांत आणून बसविला कीं केशवपनाचें पाप त्याच्या माथीं मारतां येतें. वाचक दांतओठ खातो, डोळे पुसतो, आणि आपण शंकरमामंजी नाहीं या समाधानांत पुस्तक मिटतो. पण केशवपन शंकरमामंजींमुळें चाललें नव्हतें. ज्या शेंकडों घरांत असा दुष्ट मनुष्य मुळींच नव्हता, जेथें सासरा रडत होता आणि सासू तोंड फिरवून बसली होती, तेथेंहि न्हावी येतच होता. तें दृश्य हरिभाऊंनीं लिहिलें असतें तर वाचकाला पळावयास वाट राहिली नसती. कादंबरींतल्या बायकांच्या बोलण्यांत मात्र या दृश्याची चाहूल वारंवार लागते. त्या एकमेकींवर नजर ठेवतात, कारण प्रत्येकीवर दुसरीची नजर आहे. तेवढ्या पानांत हरिभाऊ शंकरमामंजींना विसरतात, आणि तींच पानें आज शिळीं झालेलीं नाहींत.

आमच्या वसईकडे एक कथा सांगतात. ती कोणी लेखकानें लिहिलेली नाहीं, आणि म्हणूनच कदाचित् तींत खलपुरुषाची सोय इतकी साधलेली नाहीं. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें. त्या काळीं गांवच्या विहिरींत रातोरात पाव टाकला. सकाळीं नेहमींप्रमाणें बायका पाणी घेऊन गेल्या, घरोघर तें प्याले. मग बातमी फुटली, आणि जे जे प्याले ते ते बाटले. ही कथा इतिहास म्हणून घेऊं नये. धर्मांतराचीं कारणें अनेक होतीं. राज्यसत्तेचा दाब होता, धर्मोपदेशकांची खटपट होती, आणि कित्येकांची खरी श्रद्धाहि होती, हें आजच्या वसईंतल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे पाहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. पण कथा म्हणून तिची बांधणी विलक्षण आहे.

विहिरींत पाव टाकणाराची कामगिरी तेथेंच संपते. पुढचें सारें काम शेजारी करतात. पाणी पिणाऱ्याच्या मनांत कांहीं पालट झाला काय? नाहीं. त्यानें कोणती प्रार्थना म्हटली काय? तीहि नाहीं. काल होता तोच तो आज आहे; पण आपण बाटलों असें लोकांना वाटतें, आणि लोकांना तसें वाटतें म्हणून त्यालाहि वाटूं लागतें. धबधब्यावरचें अनुकरण आणि चहाची भीति, हीं दोन अंगें वर आम्हीं निराळीं केलीं. या विहिरींत तीं पुन्हां एक झालीं आहेत. ऐकणारा पोर नेहमीं एक प्रश्न विचारतो: सगळें गांवच पाणी प्यालें तर वाळींत टाकणारा उरला कोण? प्रश्न बिनतोड आहे. सगळे एकदम ‘कांहीं झालें नाहीं’ म्हणाले असते तर खरोखर कांहींच झालें नसतें. पण शेजारीं दुसरें गांव असतें. तेथें या गांवच्या लेकी दिलेल्या असतात, आणि त्या विहिरीचें पाणी कोणी प्यालेलें नसतें. पुन्हां ओलीस! पंचहौदच्या चहांत आणि विहिरीच्या या पाण्यांत शतकांचें अंतर आहे. पण गिळलेल्या घोटाचा अर्थ गिळणाऱ्यानें न ठरवितां दुसऱ्यानें ठरवावयाचा, हा नियम दोहोंकडे एकच.

कायद्यानें हें ओलीस सोडविण्याचे प्रयत्न केले आहेत. बहिष्कार घालण्याच्या अधिकाराला आळा घालणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४९ चा. तो सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं, एका धर्मपंथाच्या प्रमुखाच्या अधिकाराचा प्रश्न आला तेव्हां, रद्द ठरविला. त्यानंतर महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ पासून अंमलांत आला. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. या कायद्याची गरज एकविसाव्या शतकांत पडावी, हेंच मुरूडचा ठराव केवळ कर्व्यांच्या काळाचा नव्हता याचें प्रमाण. कायदा बरा आहे. मात्र ठराव लिहून ठेवणाऱ्यालाच तो पकडूं शकतो. न लिहितां, न बोलतां, नुसतें मान फिरवून जो बहिष्कार होतो तो कोणत्या कलमांत बसवावयाचा?

तो बहिष्कार पाहावयाचा असेल तर विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाकडे जावें लागतें. आणि येथें आमच्या सिद्धांताची कसोटीहि लागते. हौशी नटांचें एक टोळकें दुपारचा वेळ घालवावा म्हणून खोटा खटला उभा करतें; आरोपी म्हणून सोबतीणच निवडतात, बेणारे बाई. खेळतां खेळतां खटला खरा होतो. आतां या टोळक्यांत कोणाची मुलगी लग्नाची नाहीं, कोणाचें श्राद्ध अडलेलें नाहीं. मग पोंक्षे, कर्णिक, रोकडे हे एकामागून एक साक्षी कां देतात? तेंडुलकरांनीं याचें उत्तर संवादांत कोठेंहि दिलेलें नाहीं, पण तें नाटकाच्या रचनेंत आहे. पिंजऱ्यांत एक जण उभा आहे तोंवर बाकीचे पिंजऱ्याबाहेर आहेत. प्रत्येकाच्या आयुष्यांत एक फजिती दडलेली आहे. वकिली न चालणारा वकील, शास्त्रज्ञ होऊं न शकलेला कारकून, दुसऱ्याच्या अन्नावर वाढलेला बाळू रोकडे. बोट आपल्याकडे वळूं नये म्हणून प्रत्येकानें तें बेणारेंकडे रोखून धरलें आहे. येथें ओलीस ठेवलेलें माणूस म्हणजे ज्याचा तोच.

या नाटकावर एक आक्षेप आम्ही घेऊं. टोळक्यांतल्या एकाचीहि जीभ अडखळत नाहीं. रोकडे भितो, पण तो काशीकरांना भितो. आपण करतों आहों तें वाईट आहे या जाणिवेनें कोणीहि क्षणभर थांबत नाहीं. अ‍ॅशच्या खोलींत एकचतुर्थांश माणसें शेवटपर्यंत ठाम राहिलीं होतीं, आणि जीं राहिलीं तींहि घामाघूम झालीं होतीं. तेंडुलकरांच्या खोलींत तेवढाहि वांटा नाहीं. जगाकडे पाहण्याची तेंडुलकरांची ही एक ठरीव रीत आहे, आणि तिच्यामुळें नाटकाला धार आली असली तरी सत्याचा एक कोपरा कापला गेला आहे. बेणारे बाईंचें तें दीर्घ स्वगत मराठी रंगभूमीवरचें मोठें भाषण आहे. पण तें चालू असतां बाकीचीं पात्रें थिजलेलीं असतात. तिचें म्हणणें प्रेक्षक ऐकतात. ज्यांनीं ऐकावें ते ऐकतच नाहींत.

राहतां राहिला सामंत. तो गांवचा, या टोळक्यांतला नव्हे. कोर्ट म्हणजे काय हें त्याला समजावें म्हणूनच हा खेळ मांडला गेला. त्यानेंहि एका कादंबरींतला मजकूर साक्ष म्हणून सांगून भोळेपणानें आगींत तेल ओतलें आहे. तो निर्दोष नाहीं. पण रात्रीच्या प्रयोगाची वेळ होते, मंडळी खटला झटकून टाकून तयारीला लागतात, बेणारे निश्चेष्ट पडलेली असते. आणि सामंत येतो, तिला उठवावें कीं नाहीं या विचारांत घुटमळतो, आणि पुतण्यासाठीं घेतलेला कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवून निघून जातो. तो एक शब्द बोलत नाहीं. बोलला असता तर त्या खोलींत विरुद्ध मताचीं माणसें दोन झालीं असतीं.